वळता बॉल

हरभऱ्यात उमटलेले खूर म्हशीचे होते. आंधळ्यानं नुसता हात फिरवला असता तरी त्याला कळलं असतं, एवढे ते रुंद आणि खोल होते. मेंढरू एवढं दाबून चालत नाही. पण नानासो बांधावर मोटारसायकल लावून खाली उतरला तो खूर बघायला उतरलाच नव्हता.

"बाळू! कुणाच्या बापाचं रान हाय रं हे?"

बाळासो कोकरांना पाजत होता. मांडीखालचं कोकरू सोडून तो तसाच धावला. त्याची पन्नाशी उलटलेली, नानासो त्याच्याहून दहा वर्षांनी तरी धाकटा. पण रान नानासोचं आणि मेंढरं बाळासोची. खतासाठी मेंढरं बसवायला नानासोनंच निरोप धाडून बोलावलं होतं, उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात. हरभरा त्याला लागूनच होता.

"आवं मालक, रातभर वाघरीत हुती मेंढरं. जाळी जागची हलल्याली न्हाई."

"मग काय मी खाल्ला हरभरा?"

त्याची लेक स्वप्नाली वाघर गुंडाळत होती. दवानं भिजलेली जाळी जड झाली होती आणि बोटं गारठली होती. थंडीसाठी तिनं शाल तोंडावरून ओढून घेतली होती, नुसते डोळे उघडे. तिनं जाळी खाली टाकली.

"म्हशीचं खूर हाईत ते," ती म्हणाली. "तुमच्याच गोठ्याकडनं आल्यात. बघा की जरा वाकून."

वाकून हा शब्द नानासोला लागला. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं. मग सावकाश बाळासोकडं वळला आणि म्हणाला, "पोरगी शिकल्याली दिसतीया." आणि त्यानं बाळासोच्या कानाखाली मारली.

तसा आवाज स्वप्नालीनं कधी ऐकला नव्हता. ओली चामडी दगडावर आपटल्यासारखा. बापाचा लाल पटका एका बाजूला झुकला. बाप तो सरळ करील असं तिला वाटलं. त्यानं तो काढला, बांधावर नानासोच्या बुटांजवळ ठेवला आणि हात जोडले.

"चुकलं मालक. लेकरू हाय. पदरात घ्या."

उघड्या डोक्याचा बाप तिनं आजवर फक्त अंघोळीच्या वेळी बघितला होता. त्याचे केस मध्ये विरळ झालेले, पटक्याचा वळ कपाळावर रुतलेला.

नानासो कळपावरून नजर फिरवत होता. "त्यो काळ्या तोंडाचा ठिवून जा. रविवारी पावणं हाईत."

काळ्या तोंडाचं बकरं कळपातलं सगळ्यात देखणं. बाळासोनं स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात दावं बांधलं आणि बांधावरच्या बाभळीला अडकवलं. आई, हरणाबाई, घोडीच्या पाठीवर भांडी बांधत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. फक्त दोरीची एकच गाठ ती मारत होती आणि सोडत होती, मारत होती आणि सोडत होती.

*

माण तालुक्यात, त्यांच्या गावाकडं, औंदा पाऊस नावालाच झाला होता. दर साली दिवाळी झाली की बाळासोचं बिराड कळप घेऊन खाली पलूसकडं उतरायचं. थोरला तानाजी मेंढरांमागं असायचा. औंदा तो मुंबईला टेम्पोवर गेला आणि त्याच्या जागेवर स्वप्नाली आली. तिनं एकच अट घातली होती, की कॉलेज सुटणार नाही. पलूसजवळच्या एका मोठ्या गावातल्या कॉलेजात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आजवर तिथल्याच वसतिगृहात राहून. तळ जवळपास असला की सकाळी धारा काढून, कोकरं पाजून ती चालत जायची आणि दुपारी मेंढरांमागं परत यायची.

कॉलेजात तिला बेसबॉल भेटला. खेळाचे कृष्णात सर एके काळी राज्याच्या संघातून खेळलेले, खांदा गेला तेव्हा मास्तर झाले. मैदानाबाहेर गेलेला बॉल तिनं परत फेकला, तो झाडांवरून थेट सरांच्या हातात येऊन पडला. मेंढरं वळवायला लहानपणापासून ढेकळं फेकलेला हात. सरांनी दुसऱ्याच दिवशी तिला बॉल टाकणाऱ्या पिचरच्या जागेवर उभं केलं.

सरळ बॉल तिला शिकवावाच लागला नाही. दोन बोटं शिलाईवर आडवी, अंगठा खाली, खांद्यावरून हात आला की बॉल गेलाच. बॅटवालीच्या मागं बसून बॉल झेलणारी कॅचर होती मिस्बाह, गावातल्या गादीकारखान्यावाल्या सिकंदरची मुलगी. पहिल्या आठवड्यात तिचा तळवा लाल झाला तेव्हा ती म्हणाली होती, "तुझा बॉल न्हाई गं, वीट हाय ही."

पण सर खूश नव्हते. "दोनदा बघितला की तिसऱ्यांदा कुणीबी मारंल तुझा बॉल. बॅटवालीला कळाय नगं काय येतंय ते." त्यांनी कर्व्ह, म्हणजे मध्येच वळून खाली येणारा बॉल, शिकवायला घेतला. तळवा आपल्या तोंडाकडं, मधलं बोट शिलाईला धरून, सोडताना दाराची वरची कडी खाली ओढावी तसा झटका. तिच्या हातून तो एक तर दोन पावलांवर मातीत पडायचा, नाही तर आभाळात जायचा. मग चेंजअप. बॉल तळव्यात खोल घालायचा, हात फिरवायचा त्याच वेगानं, पण बॉल मागं रेंगाळत येतो, आणि बॅट आधीच फिरून गेलेली असते.

हा तर तिला मुळीच पटला नाही. "हात एवढा जोरात आन बॉल मेल्यागत? ही फसवणूक झाली की सर."

"फसवणूकच हाय ती. त्यासाठीच शिकायची."

बकरं नानासोच्या बाभळीला बांधून आले त्याच सकाळी ती मैदानात उभी राहिली. पोटात काही नव्हतं, आणि कानात तो आवाज होता.

मिस्बाह उकिडवी बसली, मांड्यांच्या मध्ये हात घेऊन तिनं तीन बोटं दाखवली. तीन म्हणजे कर्व्ह. स्वप्नालीनं मान हलवली, नाही. सरळ टाकला. मिस्बाहनं पुन्हा तीन बोटं दाखवली. पुन्हा नाही, पुन्हा सरळ, आधीपेक्षा जोरात. चार बोटं, म्हणजे हळू. पुन्हा सरळ. मिस्बाह आता बॉल परत फेकताना तोही जोरात फेकायला लागली.

"काय झालंय तुला?" ती ओरडली. "मी हितं बसून बोटं कशाला मोडतीया?"

मग तिनं तीन बोटं पुन्हा दाखवली आणि तशीच धरून ठेवली. स्वप्नालीनं मान डोलावली. हो. मिस्बाहनं ग्लोव्ह खाली घेतला, कारण कर्व्ह खाली येतो, आणि दुसरा उघडा हात मातीतला बॉल अडवायला पुढं आणला. स्वप्नालीच्या डोळ्यांपुढं बांधावरचा पटका होता. हातानं आपल्या मनानंच बॉल सरळ धरला, आणि अंगातलं सगळं त्यात घालून सोडला.

बॉल उघड्या हाताच्या बोटावर बसला.

मिस्बाह ओरडली नाही. ती हात छातीशी धरून गुडघ्यांवर आली आणि कपाळ जमिनीला टेकवून तशीच राहिली. सर धावले. स्वप्नाली जागची हलली नाही. मग मिस्बाह उठली, तोंडावरचा जाळीचा मुखवटा डाव्या हातानं ओढून तिनं लांब भिरकावला आणि चालत तिच्यासमोर आली. मधलं बोट नखापासून काळंनिळं पडायला लागलं होतं.

"मान हलीवलीस तू. व्हय म्हणालीस."

"मिस्बाह..."

"कुणाचं तोंड दिसतंय तुला माझ्या हातात? कुणाचं गं?"

*

त्या रात्रीचा तळ दुसऱ्या एका रानात पडला. चुलीपुढं हरणाबाई भाकरी थापत होती. बाळासो चूळ भरून आला, पटका नीट बांधून बसला आणि भाकरी कुस्करायला लागला, रोजच्यासारखाच. ते रोजच्यासारखं असणं स्वप्नालीला सोसेना.

"तुमी काय केलंत त्ये? म्हशीनं खाल्लं आन तुमी पटका काढून ठिवला?"

"जेव."

"आपुन चुकलो न्हवतो आबा."

"जेव म्हणतूय न्हवं!"

"बकरं बी तुमीच बांधलंत त्येच्या बाभळीला. त्येनं मागितलं आन तुमी..."

बाळासोनं भाकरीचा तुकडा परातीत आपटला. त्याचा आवाज चढला तशी जाळीतली मेंढरं दचकून एका बाजूला झाली.

"तू बोललीस, तवा कुणाच्या कानाखाली बसली? तुझ्या? तुझा राग तुझ्या एकटीचा हाय. आला की फेकून मोकळी झालीस. माझ्या रागामागनं ह्यो सगळा कळप चालतूया. मी त्येचा हात धरला असता, तर चौघांनी येऊन पाय मोडलं असतं, मेंढरं रस्त्यावर हाकलली असती. मग त्येंला घिऊन कुठं पळायचं हुतं मी? माणात? तितं गवताची काडी हाय का?"

हरणाबाई खाली बघूनच म्हणाली, "मारणाऱ्याचं काय जातंय. आपलं बिराड हाय घोडीवर."

बाप खोटं बोलत नव्हता, आणि त्यानं स्वप्नालीचा राग कमी होत नव्हता. उलट आता तो एकावरून चौघांवर पसरला होता. नानासो, बाप, आणि ती स्वतः, आणि मिस्बाहचं बोट.

*

सिकंदरचा गादीकारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली. आत कापूस पिंजायचं मशीन, आणि मशीन चालू असलं की दारात उभं राहणाऱ्याच्या पापण्यांवरही कापूस बसायचा. कॉलेज सुटल्यावर गाद्यांना टाके घालायचं काम मिस्बाहचं. आता ती कोपऱ्यात बोटाला पट्टी बांधून बसली होती आणि अर्धवट शिवलेली गादी मध्ये पडली होती.

"चाचा," स्वप्नाली दारातून म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

सिकंदरनं मशीन बंद केलं. तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "मला कशाला सांगतीस बेटा? बोट माझं हाय व्हय?"

मिस्बाहनं तिच्याकडं बघितलंही नाही. "माफी मागायला आली आसंल तर जा म्हणावं. काम कराय आली आसंल तर दाभण तितं हाय."

स्वप्नालीनं दाभण घेतलं. गादीतून ते आरपार काढायला बोटांना जोर लागायचा, आणि टाका ओढताना दोरा करंगळीच्या मुळाशी कापायचा. तिचे टाके वाकडे पडले. मिस्बाहनं दोनदा उसवायला लावले. तिसऱ्या दिवशी मिस्बाहनं आपणहून विचारलं, "काय झालं हुतं त्या दिवशी?"

स्वप्नालीनं सांगितलं. खूर, शाल, कानाखालचा आवाज, पटका, बकरं. सांगताना दाभण चालूच ठेवलं.

मिस्बाहनं बोटावरच्या पट्टीचं टोक सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. "मग त्येला मारायचंस की. मला का?"

"त्यो समोर न्हवता."

"आन मी हुते. म्हणून मी." मिस्बाहच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "समोर हाय त्येलाच हाणायचं, हे तर नानासोचंच झालं की गं."

हे बोलणं स्वप्नालीला कानाखाली बसल्यासारखं लागलं. ती त्या दिवशी टाके पुरे करून निघाली, पण पुढच्या दिवशी पुन्हा आली. आणि त्यानंतरही.

कारखान्याच्या मागच्या अंगणात लिंब होता. मिस्बाहचं बोट बरं होईपर्यंत सरावाला कॅचर नव्हती, म्हणून सिकंदरनं एक जुनी फाटकी गादी लिंबाच्या फांदीला उभी टांगून दिली. सरांनी एक उसवलेला बॉल दिला होता, तो त्यानं गादीच्या जाड दोऱ्यानं शिवला. टाके उचलून आले होते, बोटाला त्यांची पकड चांगली बसायची. मिस्बाह पालथ्या बादलीवर बसून बघायची आणि शिव्या द्यायची.

"मनगट कडक ठिवतीस. ढिलं सोड. आगं ढिलं म्हंजी मेलेलं न्हवं!"

"तूच ये की मग."

"माझं बोट तू मोडलंयस."

दिवस असे गेले. सकाळी धारा, मग कॉलेज, दुपारी टाके, टाक्यांनंतर बॉल, आणि मग दिवस मावळायच्या आत मेंढरांमागं. हात खांद्यापासून भरून यायचा. हरणाबाई भाकरी झाल्यावर तापल्या तव्यावर फडकं गरम करून तिचा खांदा शेकायची. "ह्ये कसलं शिकणं म्हणायचं," ती पुटपुटायची, पण शेकायची.

चेंजअप तिला जमलाच नाही. हात जोरात फिरवायचा आणि बॉल दाबून ठेवायचा, हे अंग ऐकत नव्हतं. पण एका दुपारी तिनं गादीच्या उजव्या कडेच्या बाहेर टाकलेला बॉल, लिंबाच्या खोडाकडंच निघाला होता तो, मध्येच खाली आणि डावीकडं कलला आणि गादीच्या मधोमध बसला. कापूस उडाला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"परत," मिस्बाह म्हणाली.

परत वळला. दहांतले सहा-सात वळायला लागले. सरांनी येऊन बघितलं, मान डोलावली आणि बॉल हातात घेऊन टाक्यांवरून अंगठा फिरवला. "ह्याची शिलाई उचललेली हाय म्हणून एवढा वळतूय. मॅचचा नवा बॉल गुळगुळीत असतूय, शिलाई बसकी. त्यो असाच वळंल ह्या भरवशावर ऱ्हाऊ नगस."

नवे बॉल कपाटात कुलपात असायचे. ते हाताला फारसे लागलेच नाहीत.

*

जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायचा दिवस त्यांच्याच मैदानावर ठरला. बाहेरून दोन निवडसमितीवाले आले, चार तालुक्यांतल्या मुली आल्या. मांडव घातला होता, खुर्च्यांना कापडं चढवली होती. आणि पाहुणे म्हणून नानासो आला होता, कारण मैदान त्यानं आपल्या जेसीबीनं सपाट करून दिलं होतं. पांढरी विजार, पांढरा सदरा, पांढरे बूट.

सर स्वप्नालीजवळ आले. "उद्घाटनाला नानासो बॅट घिऊन उभं ऱ्हाणार. तू टाकायचा. हळू, सरळ, छातीच्या उंचीला. ते मारत्याल, फोटो निघंल, टाळ्या, संपलं."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा सर."

"का?"

तिनं मांडवातल्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं.

"बाकीच्यांचा बॉल कुठं जाईल सांगता येत न्हाई. तुझा जागेवर पडतूय. आन निवडणारं बघत्यात, त्येंच्या डोळ्यांपुढं येशील. जा."

ती जाऊन उभी राहिली. नानासो बॅट काठीसारखी धरून, कमरेवर हात ठेवून हसत होता. त्यानं तिला हाक मारली.

"कुणाची गं तू?"

"बाळासोची. माणच्या. मेंढरंवाल्या."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. आता त्याला आठवेल, आता तोंड बदलेल. तोंड बदललं नाही.

"असं व्हय. लय मेंढरंवाली येत्यात आमच्यात." तो मांडवाकडं बघून म्हणाला. "टाक बरं पोरी."

त्याला आठवतही नव्हतं. ते बकरं खाऊन झालं होतं आणि विसरूनही झालं होतं. बाप त्यानंतर एकदाही मार बसलेला डावा कान टेकून त्या कुशीवर झोपला नव्हता, आणि ह्या माणसाच्या लेखी ती सकाळ झालीच नव्हती.

तिनं सांगितल्याप्रमाणं पहिला हळू टाकला. नानासोनं बॅट फिरवली, बॉल खालून गेला. दुसराही हळू. तोही चुकला. मांडवात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. नानासोचं तोंड लाल झालं.

"जरा नीट टाक की गं! मेंढरं वळाय आलीस का हितं?"

आता मांडव मोकळेपणानं हसला. फोटोवालाही हसला. निवडसमितीतला एक जण हसला.

मिस्बाह नानासोच्या मागं बसली होती. बोट बरं झालं होतं, पण पट्टी होती. मुखवट्याच्या जाळीतून तिचे डोळे स्वप्नालीला दिसत होते. मिस्बाहनं एक बोट खाली दाखवलं. सरळ. स्वप्नालीनं मान हलवली, नाही. मिस्बाह थांबली. मग तिनं सावकाश तीन बोटं दाखवली.

स्वप्नालीनं मान डोलावली.

हातात नवा बॉल होता, पांढरा, थंड, शिलाई असून नसल्यासारखी. मधलं बोट तिनं शिलाईवर ठेवलं तर ते घसरलं. पुन्हा ठेवलं. हा वळेल का, हे तिला माहीत नव्हतं. वळण्यासाठी तो आधी नानासोच्या तोंडावरच सोडावा लागणार होता. आणि नाही वळला, तर तिथंच जाणार होता. हे सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि कळूनही तिनं पाय उचलला.

बॉल थेट नानासोच्या डोळ्यांवर निघाला.

त्यानं बॅट टाकली. दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तो खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच, आधी गुडघे, मग हात, मग कोपरं, पांढऱ्या कपड्यांसकट मातीत. आणि बॉल तिथून कलला, थोडा उशिराच कलला, त्याच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं खाली येत बॅटवाल्याच्या पुढ्यातल्या प्लेटच्या कडेवर मिस्बाहच्या ग्लोव्हमध्ये बसला.

बॉल नेमात पडला, तसा मागं उभ्या असलेल्या पंचाचा हात सवयीनं वर गेला. "स्ट्राइक!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग मैदानातल्या मुली हसल्या. चार तालुक्यांतल्या सगळ्या मुली, पोट धरून. आणि मग मांडवातून कुणीतरी "ए!" केलं आणि हसू कापल्यासारखं थांबलं.

*

नानासो हसतच उठला. गुडघे झटकले, "लय जोर हाय पोरीत," असंही म्हणाला. मग सरांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला, तेव्हा हसत नव्हता. सर तिच्याकडं चालत आले, तिच्या हातातला ग्लोव्ह काढून घेतला.

"पिशवी घे आन बाहीर जा."

"मी अंगाला लावला न्हाई सर. स्ट्राइक हुता."

"वळला नसता तर?"

"वळला की."

"मी काय इचारतूय? वळला नसता तर?" सरांनी ग्लोव्ह मांडीवर आपटला. "तोंड फुटलं असतं. पोलीस आलं असतं. तुझ्यासंगं ह्या पोरींचा खेळ बंद पडला असता. म्या खांदा घालवून हे मैदान उभं केलंय, कळलं का?"

ती कुंपणाबाहेर जाऊन बसली. आत दुसरी एक मुलगी तिच्या जागेवर उभी राहून बॉल टाकत होती, आणि बॅटवाल्या तो कुठंही भिरकावत होत्या. कुठला बॉल कुठं टाकायला हवा होता, हे स्वप्नालीला बाहेरून दिसत होतं आणि त्यानं हात नुसता आवळत होता.

दुपारी नावं सांगितली. मिस्बाहचं होतं. तिचं नव्हतं.

मिस्बाह मुखवटा हातात घेऊन कुंपणाशी आली. तिला आनंद झालेला दिसत नव्हता. "आता त्या दुसरीचं बॉल धरू व्हय मी? सरळ बॉल येत न्हाई तिला, सरळ!"

"तीन बोटं तूच दावलीस."

"दावली. मग? दावली म्हणून मला राग येऊ ने व्हय?" तिनं तारेला लाथ मारली. "औंदा गेलं तुझं. समदं साल गेलं."

"तू जा. नीट खेळ."

"जाणारच हाय. तुझ्यासाठी बसू का घरात?" आणि चार पावलं जाऊन ती वळली. "तीन येळा बघितलं मी पोरींच्या फोनवर. गुडघं आधी टेकलं त्येचं."

*

बातमी तळावर स्वप्नालीच्या आधी पोचली होती. ज्यानं पुढचं रान देतो म्हणून सांगितलं होतं त्या शेतकऱ्यानं माणूस धाडला, की आता नको. दुसऱ्यानंही नको म्हणून सांगितलं. आसपासच्या गावांत नानासोचा शब्द मोडून मेंढरं बसवून घेणारा कुणी नव्हता.

उजाडताच बाळासोनं वाघर गुंडाळली, घोडीवर बिराड चढवलं आणि कळप तासगावच्या वाटेला लावला. हरणाबाई घोडीचा कासरा धरून पुढं, बाळासो मेंढरांच्या बगलेला, स्वप्नाली मागं. डांबरी रस्त्यावर खुरांचा पाऊस पडल्यासारखा आवाज होता. ट्रॅक्टर आला की मेंढरं कडेला दाबायची, गेला की पुन्हा पसरायची. एक कोकरू चालून थकलं, ते तिनं खांद्यावर घेतलं. त्याच्या पोटाची ऊब दुखऱ्या खांद्याला लागत होती.

बाप शिव्या देईल, मारील, कॉलेज बंद म्हणेल, असं ती सकाळपासून वाट बघत होती. बाप चालत होता. दिवस कासराभर वर आला तेव्हा तो पावलं आखडती घेत मागं आला आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "च्याच्या टपरीवर एक जण फोनमधी दावत हुता. माझ्या डोळ्यांला नीट दिसलं न्हाई."

तिनं खांद्यावरचं कोकरू सावरलं.

"पार खाली गेला व्हय त्यो?"

"व्हय."

"मातीत?"

"गुडघं, हात, कोपरं. समदं."

पुढून हरणाबाई वळून म्हणाली, "कापडं पांढरी हुती म्हणं."

"पांढरी फेक."

बाळासो थोडा वेळ चालला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, पण जबडा सैल झाला होता, दाढ दुखायची थांबल्यावर होतो तसा. मग तो थांबला. मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं जात राहिली.

"खरं सांग. बॉल वळंल, हे तुला ठावं हुतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. सरांना ती हो म्हणाली असती. बापाच्या डोळ्यांत बघून तिला ते जमेना. "न्हाई," ती म्हणाली. "नवा हुता. ठावं न्हवतं."

"तरी टाकलास."

"व्हय."

बाप तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग होता, आणि त्याच रागात दुसरंही काही होतं, ज्याला तिला नाव देता येईना. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तसं त्यानं हात पसरून मेंढरं कडेला घेतली. ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला.

"म्हंजी अजून शिकाय पायजेल तुला," तो म्हणाला. तिच्या खांद्यावरचं कोकरू त्यानं उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. "तासगावातनं तुझ्या कॉलेजाला सकाळची येष्टी कितीला हाय, त्येवढं इचारून ठिव."